तिसरा भाग मिळाला, पहिला कुठाय?

नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात फँटसी शोधणाऱ्याला तिसरा भाग हमखास सापडतो, पहिला नाही. तरी तो घेतोच. अर्ध्यातून शिरूनही जगता येईल असं जग उभं करायचं, ही सवय या साहित्याला मालिकांनी लावली. गंमत म्हणजे लांबी बऱ्याचदा अडचणीतून आली.

इंग्रज लेखक टॉल्किनने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही एकच मोठी कादंबरी लिहिली होती. युद्धानंतर कागद महाग, म्हणून प्रकाशकाने ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढली. त्या काटकसरीतून आलेली त्रयी पुढे फँटसीचा साचाच होऊन बसली.

विज्ञानकथाकार आयझॅक आसिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १९४२ पासून तो एका मासिकात आकाशगंगेच्या साम्राज्याच्या पडझडीवर कथा लिहीत होता. योजना हजार वर्षांच्या इतिहासाची. १९५० मध्ये थांबला तेव्हा त्यातली चारशे वर्षंही सरली नव्हती. पात्रं कथेगणिक बदलत होती. टिकून होता तो इतिहास, नायक म्हणा तर तोच. वाचक-प्रकाशकांच्या तगाद्यामुळे आसिमोव्ह १९८२ मध्ये परतला आणि यंत्रमानवांच्या वेगळ्या गोष्टीही त्याच इतिहासाला जोडून मोकळा झाला. जुन्या पुस्तकांतलं अक्षरही न बदलता त्यांचा अर्थ बदलला! मालिकेची खरी करामत ही. सुटी कादंबरी एकदा छापली की तिला कोण हात लावतो?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेत १९६६ साली मुख्य नटाची तब्येत ढासळली, तेव्हा नायकाचं शरीरच बदलतं अशी युक्ती काढली. तोच पुढे कथेचा नियम झाला.

पसारा वाढला की एका राक्षसाला मारून भागत नाही. वारसाहक्क, कर्ज, उपासमार, सगळं आत येतं. रॉबर्ट जॉर्डनची १९९० मध्ये सुरू झालेली ‘द व्हील ऑफ टाइम’ ही फँटसी मालिका चौदा खंडांची झाली. २००७ मध्ये तो गेला आणि ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून २०१३ मध्ये ती पूर्ण केली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनच्या वाचकांना पाचवा खंड २०११ मध्ये मिळाला. सहाव्याची वाट पाहता पाहता टीव्हीवरची मालिका २०१९ मध्ये संपूनही गेली.

नागपूरकराला हे अगदीच नवं नव्हतं. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी; हिंदी उंबऱ्याच्या आतलीच. देवकीनंदन खत्रींची १८८८ ची हिंदी अद्भुत कादंबरी ‘चंद्रकांता’ आणि तिची लांबलचक ‘संतती’ वाचायला इथं अनुवादाची गरज नव्हती. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा नायक झुंजार, त्याचं कुठलंही पुस्तक आधी उचला, काही बिघडत नाही. विज्ञानकथा तर मासिकं, स्पर्धा आणि दिवाळी अंकांतच वाढली. जयंत नारळीकरांची सुरुवातही १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून झाली. दिवाळी अंकाला एका बैठकीत संपणारी गोष्ट लागते. ‘क्रमशः’ लिहिलं, तर पुढचा अंक येईस्तोवर वर्ष जातं आणि पात्रांची नावंही कोणाला आठवत नाहीत.