हॉस्पिसमध्ये रुग्ण ठेवायचा आहे? अर्ज कुठे अडतो, कागद कोणते लागतात आणि केंद्र कसं पारखायचं

हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात शेवटच्या काळात रुग्णाचा त्रास कमी ठेवून काळजी घेणारं केंद्र. त्याचा अर्ज बहुतेक ठिकाणी एक-दोन पानांचा असतो. भरायला वेळ लागत नाही. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातून निघालेली माणसं रुग्णाला गाडीत आडवं घालून केंद्राच्या दारापर्यंत जातात आणि तसंच परत येतात, कारण फाइलमध्ये नेमका एक कागद नसतो. उलट काहींना फोनवरच 'या, बेड आहे' असं सांगितलं जातं, पंधरा दिवसांत अॅडव्हान्स संपतो आणि मग कळतं की तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. ही माहिती दोघांसाठी आहे. केंद्र तुमचे कागद बघणारच आहे. तुम्हीही त्यांचे बघा.

पात्र कोण?

नेटवर वाचून बरेच जण 'सहा महिन्यांचा नियम' सांगतात. रुग्णाकडे सहा महिन्यांपेक्षा कमी काळ आहे असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं तरच हॉस्पिस मिळतं, असा त्यांचा समज असतो. हा नियम अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेचा आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. 'अजून सहा महिने झाले नाहीत' म्हणून वाट बघत बसू नका, आणि डॉक्टरांकडे महिन्यांचा आकडा लिहून मागू नका. कुठलाही शहाणा डॉक्टर तो लिहून देणार नाही आणि त्यात तुमचे दोन आठवडे जातील.

आपल्याकडे प्रत्येक संस्था आपले निकष ठरवते. मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेलं शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यांचंच एक केंद्र गोव्यात मडगावजवळ लोटलीला आहे. सेवा मोफत आहे, पण ती पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीचं, केंद्र आहे, तिथेही कॅन्सर रुग्णांची मोफत काळजी घेतली जाते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले वडील, डायलिसिस नको म्हणणारी आत्या, स्मृतिभ्रंश झालेली आजी यांना अशा ठिकाणी नकार मिळतो तेव्हा घरच्यांना तो अपमान वाटतो. तो तसा नसतो, पण फोनवर दोन मिनिटांत कळणारी गोष्ट दारात जाऊन कळावी यात काय अर्थ आहे? रत्नागिरीहून वांद्रं तीनशे किलोमीटरच्या वर आहे. आधी फोन करा, आजाराचं नाव सांगा, बेड आहे का विचारा, आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

कॅन्सर नसेल तर आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. केंद्र सरकारचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम 2012 पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात कक्ष, प्रशिक्षित डॉक्टर-नर्स आणि घरी भेटी अपेक्षित आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्येही वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी आहे. कागदावर आहे म्हणजे खिडकीवर मिळेलच असं नाही. केसपेपरच्या खिडकीवर 'असलं इथे काही नाही' हे उत्तर इतक्या सहज मिळतं की ते शेवटचं समजू नये. थेट असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात जाऊन विचारा. गावात असाल तर आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना घरी रुग्ण आहे हे कळवून ठेवा.

ज्या कागदावर सगळं अडतं

रुग्णाचं आणि जवळच्या नातेवाइकाचं आधार कार्ड, फोटो, बायोप्सीचा रिपोर्ट, अलीकडचे स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी. हे सगळ्यांकडे असतं, पिशवीत कोंबलेलं का असेना.

नसतं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सारांशपत्र. आजार कोणता, कितव्या टप्प्यात, आतापर्यंत काय उपचार झाले, आणि यापुढे आजार बरा करण्यासाठीचा उपचार सुचवत नाही, एवढं त्यात हवं. 'बेस्ट सपोर्टिव्ह केअर' किंवा 'पॅलिएटिव्ह केअर' हे शब्द असले की केंद्राला पुरतं. खाली सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. आपल्याकडची अडचण अशी की उपचार झालेले असतात परळला, कोल्हापूरला नाहीतर बांबोळीला. शेवटच्या ओपीडीत डॉक्टर तोंडी सांगतात, 'आता घरी न्या, सेवा करा.' माणसं डोळे पुसत बाहेर पडतात आणि पत्र मागायचं राहून जातं. अशा वेळी कागदाचं कुणाला सुचणार? म्हणून त्या ओपीडीला रुग्णाबरोबर भावकीतला एखादा जरा लांबचा, डोकं शांत असलेला माणूस न्या आणि पत्र मागायचं काम त्याच्यावर सोपवा.

दुसरी गाठ 'डामा'ची, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेल्या डिस्चार्जची. पैसे संपले म्हणून किंवा 'घरीच जाऊ दे' म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर सही करून रुग्णाला घरी आणलेलं असतं. मग डिस्चार्ज कार्ड मिळत नाही, किंवा त्यावर दोनच ओळी असतात. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर उपचारांची कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवावी लागतात. लेखी अर्ज करा, रुग्णाची सही किंवा अंगठा घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. 'साहेब रजेवर आहेत' या वाक्यावर घरी परतू नका. रेकॉर्ड विभाग साहेबांच्या खिशात नसतो.

तिसरी गाठ आपणच मारतो. फॉर्मवर रुग्णाची सही लागते आणि घरच्यांनी आजार सांगितलेला नसतो. 'आईला काही बोलू नका, तिला अल्सर आहे म्हणून सांगितलंय.' मुलगा मुंबईहून फोनवर हेच बजावतो, सून गावात हेच निभावते, आणि आईला सगळं माहीत असतं. चांगलं केंद्र यावर तुम्हाला झापणार नाही, पण रुग्णाशी एकट्याने बोलायचं म्हणेल. त्याला नाही म्हणू नका. जे केंद्र रुग्णाकडे न बघताच तुमची सही घेऊन मोकळं होतं, त्याच्याबद्दल मात्र सावध व्हा.

रेशन कार्डाबद्दल थोडं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ते सहसा मागतात, आणि चाकरमान्यांच्या घरात आईचं नाव डोंबिवलीच्या कार्डावर आणि आई गावात, हा घोळ ठरलेला. पण ही योजना ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर चालते. नुसत्या राहण्याचा आणि शुश्रूषेचा खर्च तीत बसेल हे गृहीत धरून पैशाचा हिशोब मांडू नका. आधी रुग्णालयात या योजनेसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. मोफत हॉस्पिसला जायचं असेल तर तिथे रेशन कार्ड लागतं का, हे त्याच पहिल्या फोनमध्ये विचारून घ्या.

लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं पत्र, प्रवेशासाठी कायद्याने लागत नाही. करायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालात 2023 साली झालेल्या बदलांनंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. पण रुग्ण शुद्धीवर आणि मनाने खंबीर असतानाच.

आता केंद्राचे कागद

नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं. त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत वाचा. वृद्धाश्रम आणि हॉस्पिस या वेगळ्या गोष्टी आहेत, पण कोकणात समुद्र दिसणारी खोली दाखवून एकाच्या नावाखाली दुसरं विकलं जातं. तसंच घरी माणसं पुरवणाऱ्या मुंबई-कोल्हापूरच्या ब्युरोंचं. ते 'होम हॉस्पिस' म्हणतात आणि बारा तासांच्या पाळीला मावशी पाठवतात. मावशी प्रेमळ असेल, स्वच्छता छान ठेवेल, पण ती नर्स नव्हे. नर्स म्हणून पाठवली असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. डॉक्टरने पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण कुठे घेतलं, प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती दिवस, हेही विचारा. याचा राग येणारा डॉक्टर रात्री दोन वाजता फोन उचलेल का, याचा विचार करा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचा. केंद्रात तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का, आणि कधी खंड पडतो का? अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली. त्याआधी रुग्णालयांना निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने गोळा करावे लागत. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. त्यामुळे 'सरकार परवानगी देत नाही हो' हे उत्तर आज चालत नाही. 'आम्ही मॉर्फिन देत नाही, सवय लागते' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मॉर्फिनला घाबरून रुग्णाला विव्हळत ठेवणं याला काळजी म्हणत नाहीत.

मॉर्फिन आहे म्हणाले तर लगेच नर्सला विचारा, 'मग शौचाचं काय करता?' मॉर्फिनने बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली असते, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक सोबत द्यावं लागतं. ज्या नर्सने हे काम केलंय ती हसून पटकन सांगेल. जी गोंधळेल, तिथे मॉर्फिन बहुधा कपाटातच असतं.

दाखल असलेल्या रुग्णाची फाइल ते दाखवणार नाहीत, दाखवूही नये. पण कोरा तक्ता दाखवा म्हणावं. त्यात दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे रोज लिहायची जागा आहे का? कूस बदलल्याच्या वेळा लिहायची आहे का? वॉर्डात शिरताना वास घ्या. चिघळलेल्या जखमेचा वास औषधाने बराच कमी करता येतो. तो दारापर्यंत येत असेल तर जखमेकडे दुर्लक्ष होतंय. फिनेलच्या वासाने फसू नका.

पावसाळ्याचा प्रश्न फक्त आपल्यालाच विचारावा लागतो. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. इन्व्हर्टर किती तास टिकतो, जनरेटरला डिझेल आहे का, भरलेला सिलिंडर जागेवर आहे का, आणि घाट बंद झाला तर गोळ्यांचा साठा किती दिवसांचा, हे विचारा. घरी सेवा देणाऱ्यांना तर हे पहिल्यांदा विचारा, आणि तुमच्या वाडीत रेंज येते का तेही त्यांना सांगा.

पैशाचं दरपत्रक लेखी घ्या. अॅडव्हान्स परत कधी मिळणार, रुग्ण दोन दिवसांत गेला तर काय, हे विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

घरी गोळ्या आणताना, आणि त्यानंतर

मॉर्फिन गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. हातातल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पुढच्या आणायला निघा. मूळ चिठ्ठी आणि केंद्राचं पत्र सोबत ठेवा, विशेषतः गोव्याहून पत्रादेवी-बांद्यावरून येत असाल तर. उरलेल्या गोळ्या केंद्राला परत करा, शेजारच्या आजोबांची पाठ दुखते म्हणून देऊ नका.

रुग्णाचा मृत्यू घरीच होणार असेल तर मृत्यूचं कारण लिहून देणारा डॉक्टर आधी ठरवा. शेवटच्या आजारात ज्याने रुग्णाला तपासलं, तोच घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना 4अ भरून देतो, आणि त्यासाठी फी घेता येत नाही. ज्याने रुग्णाला कधी बघितलंच नाही त्या डॉक्टरला पहाटे उठवून सही मागितली तर तो कचरणार. मग कुणीतरी पोलीस आणि शवविच्छेदन असे शब्द काढतं आणि अंगणात जमलेली माणसं बावरतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला किंवा जवळच्या खासगी डॉक्टरला अधूनमधून घरी बोलवा, आणि त्याची चिठ्ठी तारखेसह जपा.

नोंदणीची मुदत 21 दिवस आहे, आणि ती मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. तेरावं उरकून मुंबईला गेलेली मुलं गणपतीला आल्यावर दाखला मागतात आणि ग्रामपंचायतीत वाद घालतात. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आणखी एक, जे जवळजवळ सगळे चुकतात: नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, रुग्ण राहायचा तिथे नाही. सावंतवाडीचा माणूस लोटलीला वारला तर दाखला गोव्यातच मिळेल. केंद्र नोंदणी अधिकाऱ्याला कळवतं, पण दाखल्यावर नाव आधारप्रमाणे पडलंय का, वडिलांचं नाव बरोबर आहे का, हे तिथून निघण्याआधी स्वतः वाचा. बँक, सातबारा आणि पेन्शन सगळीकडे हाच कागद लागणार आहे, आणि एका वेलांटीसाठी पुन्हा मडगाव गाठावं लागतं.