घरट्याचा फोटो आणि ‘शिकार’ हा शब्द

जून उजाडला की पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या गटांत तोच वाद पुन्हा निघतो. कुणीतरी स्वर्गीय नर्तकाचं घरटं टाकतं, चोचीत किडा धरलेला नर आणि वर ताणलेल्या तीन उघड्या चोची. खाली पहिलीच प्रतिक्रिया येते, ‘हा फोटो काढून टाका.’ नवीन कॅमेरा घेतलेल्या माणसाला हे सोवळं वाटतं. पण या वादाला कारण आहे, आणि ते कॅमेऱ्याच्याच इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकात छोटा पक्षी ओळखायचा म्हणजे बारीक छर्ऱ्यांनी पाडायचा, कातडं भरायचं आणि पायाला चिठ्ठी बांधून खणात ठेवायचं. त्यानंतर १९३०-४० च्या दशकांत घरट्यापासून काही फुटांवर कापडी लपण उभारून फोटो काढणारे आले. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, ही त्या काळाची मोठी सुधारणाच होती. पुढेही फिल्म होती तोवर फारसा पर्याय नव्हता. ३६ फोटोंचा रोल, भरपूर उजेड मागणारी १०० आयएसओची स्लाइड फिल्म, आणि पानांच्या सावलीत एका जागी न टिकणारा मूठभर जीव. तो हमखास परत येतो अशी एकच जागा, घरटं.

२००३-०४ च्या सुमारास डिजिटल एसएलआर आवाक्यात आले आणि ही अडचण संपली. वेळूत लपणारे वटवटे हे छोटे पक्षी एकमेकांसारखेच दिसतात; त्यांची जात ओळखायला लागणारी पंखातल्या पिसांची लांबी पूर्वी पक्षी हातात घेतल्याशिवाय मोजता येत नसे. आता शंभर फोटोंतल्या एकात पंख उघडलेला मिळतो. अडचण संपली, पण घरट्याची सवय सुटली नाही. उलट भिंगं वाढली, आणि फोनवरून जागा तासाभरात सगळीकडे पोचू लागली. फोटोत आड येते म्हणून फांदी छाटली जाते आणि सावलीतल्या पिल्लांवर ऊन येतं. माणसांच्या वर्दळीने कावळा किंवा भारद्वाज घरटं हेरतो. शिंपी पक्ष्याची पिल्लं जेमतेम दोन आठवडे घरट्यात असतात. त्यातली एक सकाळ आईबाप चारा घेऊन लांबच बसून राहिले, तर ती भरून काढायला वेळ कुठे उरतो?

कायदा इथेच मध्ये येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे, म्हणजे या गर्दीच्या कितीतरी आधीचा. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणं-पकडणं तर आहेच, शिवाय वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना बाधा आणणंही आहे. बाधा म्हणजे काय, हे मात्र सांगितलेलं नाही. अंतर दिलेलं नाही, कॅमेऱ्याचा उल्लेख नाही. दुसरीकडे, अभयारण्यात ज्या कामांसाठी प्रवेशाची परवानगी देता येते त्यांत छायाचित्रण आहे. ‘कायदाच फोटोला परवानगी देतो’ असं म्हणणारे या कलमावर बोट ठेवतात. पण ते कलम अभयारण्याच्या प्रवेशापुरतं आहे. शिकारीची व्याख्या तुमच्या सोसायटीतल्या जास्वंदीवर लटकलेल्या शिंजिराच्या घरट्यालाही लागू होऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीने तर प्रवेशाच्या कलमातही अट घातली: अधिवासात बदल न करता, वन्यजीवांना अपाय न होता. छाटलेली फांदी यात बसत नाही, हे उघड आहे.

न्यायालयाची वाट न पाहता अनेक गटांनी आणि स्पर्धांनी घरट्याचे फोटो घेणंच बंद केलं. सगळ्यांना हे पटलं नाही. पक्षी इथे वीण करतो याचा पुरावा मग कसा द्यायचा, खिडकीतून काढलेल्या फोटोने कुणाचं काय बिघडतं, असे प्रश्न आले. दुसरा प्रश्न रास्त आहे. पण फोटो पाहणाऱ्याला खिडकी दिसत नाही, घरटं तेवढं दिसतं, आणि तसाच फोटो मिळवायला तो टेकडीवर जातो. विणीच्या नोंदीला तर चोचीत चारा घेऊन जाणारा पक्षी लांबून टिपला तरी पुरतो.

आणि ओळख पटवण्यासाठी घरटं हवं म्हणावं, तर ओळखायला सगळ्यांत अवघड पर्णवटवट्यांची, म्हणजे पानांत वावरणाऱ्या वटवट्यांची, घरटी महाराष्ट्रात नसतातच. ते हिवाळ्यापुरते येतात आणि वीण दूर उत्तरेत करतात. पंखावरची फिकट पट्टी वसंतापर्यंत झिजून जाते, मग चांगला फोटोही फसवतो. तिथे त्यांचा आवाजच उपयोगी पडतो.