सेट आधीच घेतलाय? फिटिंग आताही करता येतं

बरेच जण आल्याआल्या थोडं संकोचूनच विचारतात, की गोल्फचा सेट तर घेऊन झालाय, चार महिने खेळूनही झालेत, आता फिटिंगचा, म्हणजे क्लब आपल्या मापाला जुळवून घेण्याचा, काय उपयोग? उपयोग आहे आणि भरपूर आहे. क्लब म्हणजे तीन वस्तू, हेड (बॉलला लागणारा भाग), शाफ्ट (दांडा) आणि ग्रिप (मूठ), आणि या तिन्ही वेगळ्या करता येतात, बदलता येतात, हेड काही प्रमाणात वाकवताही येतं. त्यामुळे सेट विकून टाकायच्या आधी एकदा आमच्याकडे घेऊन या, पुष्कळदा त्याच सेटचं काम होऊन जातं.

येताना एकच विनंती, क्लबचा सोल, म्हणजे हेडचा तळ, पुसू नका. त्याच्यावरचे ओरखडे आम्हाला बघायचे असतात. सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याचा, सात नंबरचा क्लब) उलटा करून बघा, घासल्याच्या खुणा मधोमध असतील तर ठीक, सगळ्या हीलकडे, म्हणजे हेडच्या शाफ्टजवळच्या टोकाकडे, असतील तर जमिनीला लागताना तुमचा टो, म्हणजे पलीकडचं टोक, वर राहतोय, टोकडे असतील तर हील उचलली जातेय. मॅटवर जास्त खेळत असाल तर हे अजून स्पष्ट दिसतं.

हे ज्यावर ठरतं त्याला लाय अँगल म्हणतात, शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन, आणि रेडीमेड सेटमध्ये सगळ्यात जास्त चुकलेली गोष्ट हीच सापडते. कंपनी सेव्हन आयर्न साधारण ६२-६३ डिग्रीवर बनवते, ते एका सरासरी माणसासाठी, आणि तुम्ही सरासरी असालच असं नाही ना. टो वर राहिला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे जातो आणि हील वर राहिली की उजवीकडे, डावखुऱ्यांनी हे उलटं वाचावं. एक डिग्री चुकली तर दीडशे यार्डांवर दोन-चार यार्डांचा फरक, तीन डिग्री चुकली तर ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) सोडून सरळ बंकर (वाळूचा खड्डा). लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणारी बाजू (फेस) मागे किती कललीय तो कोन, जितका जास्त तितका हा परिणाम जास्त, म्हणून वेजला (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) तो सगळ्यात जास्त जाणवतो आणि ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) अगदी कमी.

आमच्याकडे एक ताई यायच्या, भावाचा सेट वापरायच्या, उंचीला बेताच्या. दोन वर्षं त्यांना सगळे सांगत होते की तुमचे हात लवकर फिरतात म्हणून बॉल डावीकडे जातो, आणि त्या बिचाऱ्या हात आवरत बसल्या होत्या. सोलला टेप लावून दहा बॉल मारायला दिले तर सगळे डाग हीलवर. लांबी अर्धा इंच कमी केली, लाय दोन डिग्री खाली घेतला, बॉल सरळ जायला लागला. हातांत काहीच दोष नव्हता. क्लबच्या चुकीपायी कुणी स्वतःचा स्विंग बिघडवून घेतलेला बघितला की आम्हाला फार वाईट वाटतं, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगतोय.

टेपशिवाय अजून एक साधी पद्धत आहे, ती तुम्ही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) स्वतःही करू शकता. बॉलवर मार्करने जाड उभी रेघ काढायची, ती फेसच्या बाजूला येईल असा बॉल ठेवायचा आणि मारायचा, रेघ फेसवर उमटते. उभी सरळ उमटली तर लाय बरोबर, टोकडे कललेली असली तर टो वर राहतोय, हीलकडे कललेली असली तर हील वर. नुसतं उभं राहून घेतलेलं माप, म्हणजे उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, ही फक्त सुरुवात असते, कारण मारताना हात थोडे वर येतात आणि वेगामुळे शाफ्ट टोच्या बाजूने खाली वाकतो. म्हणून बॉल मारून बघितल्याशिवाय आम्ही क्लब वाकवायला घेत नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लांबी, मग शाफ्ट आणि ग्रिप, लाय सगळ्यात शेवटी. क्लब अर्धा इंच वाढवला की तो साधारण एक डिग्री अपराइट, म्हणजे लाय जास्त उभा, असल्यासारखा वागतो, म्हणजे लाय आधी करून घेतला आणि नंतर लांबी बदलली तर ते काम परत करावं लागणार. आणि लांबी अर्धा इंच कापली की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, साधारण तीन पॉइंट उतरतं, डी२ चा क्लब डी१, डी० करत सी९ होतो, हातात हेडचं वजनच लागत नाही असं वाटतं, मग हेडला लेड टेप (शिशाची पट्टी) लावून ते भरून काढायचं, दोन ग्रॅमला ढोबळमानाने एक पॉइंट. घरी करवतीने शाफ्ट कापून आणणारे येतात त्यांचं इथेच अडतं.

सगळे क्लब वाकतात का? नाही. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, कार्बन स्टीलचे आरामात दोन डिग्री वाकतात. कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, स्टेनलेस स्टील कडक असतं, त्यात एखादी डिग्री हळूहळू जाते आणि मोडायची भीती राहते, ते आम्ही आधी सांगूनच हात लावतो. पोकळ हेडचे काही आयर्न आम्ही वाकवतच नाही. वाकवल्यावर कंपनीची वॉरंटी राहते का तेही आधी विचारून घ्या.

लॉफ्टही तपासून घ्या. नव्या सेटमध्येसुद्धा एखादा क्लब डिग्रीभर इकडेतिकडे असतो आणि मग दोन आयर्न सारखेच लांब जातात. हल्ली आयर्न स्ट्रॉंग लॉफ्टचे येतात, पिचिंग वेज ४४ ची आणि जुनी सँड वेज ५६ ची, मधे बारा डिग्रीची मोकळी जागा, तिथे वाकवून भागत नाही, ५० च्या आसपासची एक वेज घ्यावी लागते. वेजचा लॉफ्ट दोन डिग्री कमी केला की बाउन्स, म्हणजे सोलचा जमिनीत रुतू न देणारा कोन, तोही दोन डिग्री कमी होतो आणि ती मातीत रुतायला लागते, तेव्हा उगाच वाकवू नका. बॅगेत १४ च क्लब चालतात हेही धरून चला.

ग्रिपचं काम सगळ्यात सोपं. क्लब धरल्यावर वरच्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला हलकी टेकली पाहिजेत, नखं रुतत असतील तर ग्रिप बारीक, बोटं पोचतच नसतील तर जाड. खालून टेपचा एकेक थर वाढवून जाडी वाढवता येते, नवीन ग्रिप लागतेच असं नाही. चकाकायला लागलेली ग्रिप आधी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन बघा.

शाफ्ट बदलायला मात्र घाई नको. तुम्ही नुकतंच खेळायला लागला असाल किंवा कोचकडे स्विंग बदलत असाल तर आम्ही स्वतःच थांबा म्हणतो, कारण आज रेग्युलर (मध्यम लवचीक) शाफ्ट लागणारा माणूस सहा महिन्यांनी स्टिफवर (जास्त कडक) जाऊ शकतो. तोवर लांबी, ग्रिप आणि लाय एवढं पुरे. ड्रायव्हरला फिरवायची स्लीव्ह, म्हणजे लॉफ्ट-लाय बदलायची जोडणी, असेल तर तीच आधी लावून बघू, फक्त राउंड सुरू झाल्यावर ती हलवायला नियमात परवानगी नाही.

येताना पूर्ण सेट, नेहमीचे शूज, ग्लव्ह आणि तुम्ही खेळता तेच बॉल आणा. शूज खरंच आणा, चपलेवर घेतलेलं माप चुकतं. राउंड खेळून दमून येऊ नका. हेड परत बसवलं असेल तर इपॉक्सी पूर्ण सुकायला एक दिवस लागतो, त्याआधी क्लब मागू नका. घेऊन गेल्यावर पहिल्या वीस-तीस बॉलना नवखं वाटेल, तेवढ्यावर मत बनवू नका, दोन राउंड खेळा आणि सोल न पुसता परत आणा, खुणा कुठे आल्यात ते सोबत बघू.