कळलावीच्या कंदातलं औषध

श्रावणात सह्याद्रीच्या कुठल्याही वाटेला लागा, कुंपणावर नाहीतर घाणेरीच्या जाळीत कळलावी फुललेली दिसते. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, कडा कुरळ्या आणि सगळ्या उलट्या वळलेल्या. वाऱ्यावर हलल्या की जाळ फडफडल्यासारखा वाटतो. अग्निशिखा हे तिचं दुसरं नाव उगीच पडलेलं नाही. जवळ जाऊन पान बघा. त्याचं टोकच ताण्यासारखं गुंडाळलेलं असतं, आणि त्यानं शेजारच्या फांदीला धरून वेल वर चढते. जमिनीत नांगराच्या आकाराचा कंद असतो, म्हणून संस्कृतात ती लांगली. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी हा कंद वापरत, त्यावरून कळलावी. फूल घरात आणलं तर भांडणं लागतात, असंही खेडोपाडी मानतात.

वनस्पतींमधले दाहशामक म्हटलं की आपल्याला आधी हळद आठवते. हळदीवर माझाही जीव आहे. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं आणि उतरलेलंही यकृत झटपट बाहेर काढतं. त्यामुळे परीक्षानळीत त्यानं दाखवलेला गुण माणसाच्या सांध्यापर्यंत पोचवणं अवघड जातं. कळलावीतल्या कोल्चिसिनची गोष्ट वेगळी आहे. ते आज जगभरातले डॉक्टर लिहून देतात, आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते.

ते काय करतं, हे गाऊट या सांध्याच्या दुखण्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी. रात्री झोपताना माणूस ठणठणीत असतो आणि पहाटे अंगठा असा सुजून लाल होतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. खरा दंगा स्फटिकांपेक्षा आपल्याच पेशी करतात. सांध्यातल्या भक्षक पेशी स्फटिक गिळतात आणि धोक्याचा रासायनिक संदेश सोडतात. तो मिळताच रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीनं सांध्यात शिरतात. सूज, उष्णता, ठणका हे सगळं त्या गर्दीचं काम.

पेशीला हलायचं असेल, आतला माल इकडून तिकडे न्यायचा असेल, तर तिला आतून आधार लागतो. इमारतीला बांबूची परांची बांधतात, तशा पेशीत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका असतात. त्या एका टोकाला सतत बांधल्या जातात आणि सुटतात. कोल्चिसिन ट्युब्युलिनला जाऊन चिकटतं. असा तुकडा नलिकेच्या टोकाला बसला की पुढचा जोडला जात नाही. परांची अर्धवट राहते, न्यूट्रोफिलची धाव मंदावते, धोक्याचा संदेश तयार करणारी यंत्रणाही नीट जुळत नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन यांचा मार्ग हा नाही. ते प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनणं अडवतात.

पेशीचं विभाजनही याच नलिकांच्या जोरावर होतं, आणि सगळं विष तिथेच आहे. मात्रा जास्त झाली की झपाट्यानं विभागणाऱ्या पेशी आधी बळी पडतात: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं. कळलावीचा कंद रताळं समजून खाल्ल्याच्या नोंदी श्रीलंकेत आहेत. आधी काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एकेक अवयव थकतो, आणि जो वाचतो त्याचे केस पुढे गळतात. सहज मिळेल असा उतारा यावर नाही. आयुर्वेदानं लांगलीला उपविषांत बसवलं आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरू नका असं सांगितलं, ते अनुभवातूनच. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हे वाक्य ऐकलं की मला हा कंद आठवतो.

युरोपात हेच रसायन कोल्चिकम नावाच्या केशरासारख्या दिसणाऱ्या फुलझाडातून आलं. 1820 साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं; त्याच वर्षी या दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही काढलं. मात्र मात्रेचा घोळ पुढे जवळजवळ दोनशे वर्षं चालला. जुलाब लागेपर्यंत गोळ्या देत राहायच्या, अशीच पद्धत होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा तासांत 4.8 मिलिग्रॅम आणि एका तासात 1.8 मिलिग्रॅम अशी तुलना केली, तेव्हा गाऊटचा झटका ओसरण्यात दोन्ही सारखेच ठरले. जुलाब मात्र मोठ्या मात्रेत 77 टक्के रुग्णांना झाले, छोट्या मात्रेत 23 टक्क्यांना. इतक्या लोकांनी तो त्रास विनाकारण सोसला, याचं वाईट वाटतं.

आता हे औषध हृदयाकडे वळलं आहे, कारण रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरातही दाह धुमसत असतो. 2019 च्या एका मोठ्या चाचणीत, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 4,745 रुग्णांपैकी निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिलं. पुन्हा झटका, पक्षाघात अशा घटना त्यांच्यात 5.5 टक्के झाल्या, बाकीच्यांत 7.1 टक्के. 2023 मध्ये अमेरिकेनं या वापराला मान्यता दिली. पण 2024 मध्ये सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसलाच नाही, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर हेच औषध शरीरात साचून जिवावर बेतू शकतं. गोळी सुरू असेल तर प्रत्येक नव्या डॉक्टरला ते आठवणीनं सांगा.

आपल्याकडे कुंपणावर आपोआप उगवणारी ही वेल तामिळनाडूत, करूर-दिंडिगुलच्या बाजूला, शेतात मांडवावर चढवतात. फुलात परागकण झेलणारी कुक्षी ज्या दांड्याच्या टोकाला असते तो बाजूला काटकोनात वाकलेला असतो, त्यामुळे परागकण तिच्यापर्यंत सहजी पोचत नाहीत. म्हणून सकाळच्या वेळी मजूर ओळीनं फिरतात आणि हातानं एकेका फुलाचं परागीभवन करतात. शेंगा वाळल्या की बी काढून औषध कारखान्यांना जातं.