डंकिन पार्क, हार्टफर्ड

डंकिन पार्क हे अमेरिकेतील कनेटिकट राज्याची राजधानी हार्टफर्ड येथील सुमारे सहा हजार आसनांचे बेसबॉल मैदान. ‘हार्टफर्ड यार्ड गोट्स’ या मायनर लीगमधील डबल-ए दर्जाच्या (मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) संघाचे हे घर. १३ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक वर्ष उशिरा, ते खुले झाले.

मायनर लीग म्हणजे मुख्य लीगसाठी खेळाडू घडवण्याची शाळा. खेळाडूंचा पगार मुख्य लीगमधला मूळ संघ देतो (इथे कोलोराडो रॉकीज), तिकिटे आणि खाणेपिणे विकून स्थानिक मालक धंदा चालवतो. मैदान मात्र बहुतेक ठिकाणी शहराच्या पैशातून उभे राहते आणि वादाचे मूळ इथेच असते. हा संघ आधी जवळच्याच न्यू ब्रिटन गावात ‘रॉक कॅट्स’ नावाने खेळत असे. जून २०१४ मध्ये तो हार्टफर्डला येणार असल्याचे तत्कालीन महापौर पेद्रो सेगारा यांनी जाहीर केले. आधी बोलणी झाली, लोकांना कळले नंतर. त्यामुळे दोन्हीकडे ओरड झाली. मग मैदानाभोवती घरे आणि दुकाने असलेला सुमारे ३५ कोटी डॉलरचा आराखडा पुढे आला. त्यात मैदानाचा वाटा ५.६ कोटींचा. आय-८४ महामार्गाने शहरापासून तोडलेला, मोकळ्या पार्किंगचा उत्तरेकडचा भाग पुन्हा नांदता करायचा, असा हेतू सांगितला गेला. बेसबॉल हे त्याचे निमित्त, असे म्हटले तरी चालेल.

२०१६ चा हंगाम तोंडावर आला तरी काम अपुरेच होते. वाढीव खर्च कोणी सोसायचा यावर शहर आणि विकासक भांडत होते. जूनमध्ये नवे महापौर ल्यूक ब्रॉनिन यांनी विकासकाला काढून टाकले आणि यार्ड गोट्सना तो पूर्ण हंगाम बाहेरगावीच काढावा लागला. उरलेले काम कंत्राटाची हमी घेतलेल्या विमा कंपनीने पुरे करून दिले. विमा कंपन्यांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या हार्टफर्डला हे शोभलेच! तोवर खर्च सात कोटींच्या वर गेला होता. पुढे २०१८ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना राज्याने त्याचे सुमारे ५५ कोटींचे कर्ज अंगावर घेतले.

लोकांनी मात्र मैदान डोक्यावर घेतले. सामना डोळ्यांआड न होता मैदानाला पूर्ण फेरी मारता येते, हे त्याचे खरे सुख. ‘यार्ड गोट’ म्हणजे रेल्वे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारे शंटिंग इंजिन. बोधचिन्हात मात्र खराखुरा बोकड बॅट चावताना दिसतो. हिरवा-निळा रंग १९९७ मध्ये शहर सोडून गेलेल्या ‘व्हेलर्स’ या आइस हॉकी संघाची आठवण जपतो. बेसबॉल म्हटले की भाजलेले शेंगदाणे आलेच. पण ॲलर्जी असलेल्या मुलांनाही येता यावे म्हणून २०१९ पासून इथे शेंगदाण्यांना बंदी आहे.

काढून टाकलेला विकासक आणि शहर यांच्यातले कोर्टाचे प्रकरण लांबले. २०१९ मध्ये ज्युरीने शहराच्या बाजूने कौल दिला, तो २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि अखेर २०२४ मध्ये तडजोड झाली. या वादात भोवतालच्या जमिनीही अडकल्या होत्या. तिथली निवासी इमारत २०२२ मध्ये उभी राहिली, तीही वेगळ्या विकासकाच्या हातून. तिचे नाव ‘द पेनंट’, म्हणजे बेसबॉलमधला विजेत्याचा झेंडा.