पोलिसांनी केस बंद केली म्हणतायत? आधी समरी कोणती ते बघा

पोलीस स्टेशनला चारपाच चकरा मारल्यावर एक दिवस कळतं की तुमची केस तर क्लोज झाली, आणि बरेच फिर्यादी तिथेच हात टेकतात. टेकू नका. पोलीस फक्त मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे अहवाल पाठवतात, तो मंजूर करायचा की नाही ते कोर्ट ठरवतं.

महाराष्ट्रात या अहवालाला समरी म्हणतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही किंवा कोणावर खटला चालवण्याइतका पुरावा नाही. सी समरी म्हणजे तक्रार खरीही नाही नि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. आणि बी समरी म्हणजे फिर्याद मुद्दाम खोटी दिली असं पोलिसांचं म्हणणं, ही सगळ्यात गंभीर, कारण यात फिर्यादीवरच भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली कारवाई होऊ शकते. म्हणून अक्षर कोणतं आहे ते पहिल्यांदा विचारा.

समरी मंजूर करण्याआधी कोर्टाने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकून घ्यायला हवं, सुप्रीम कोर्टाने हे 1985 मध्येच भगवंत सिंग केसमध्ये सांगितलंय. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 193 प्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलला असेल तर पोलीस स्टेशनला लेखी कळवा आणि पोच घ्या, नाहीतर नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि तारीख निघून जाते.

नोटीस आली की फिर्यादी किंवा पीडित (पीडित हयात नसेल तर कायदेशीर वारस) प्रोटेस्ट पिटीशन म्हणजे हरकतीचा अर्ज देऊ शकतो. कागद लागतात ते असे, एफआयआरची कॉपी (ही फिर्यादीला फुकट मिळते), कोर्टाची नोटीस, समरी अहवाल आणि सोबतच्या जबाब-पंचनाम्यांची नक्कल जी कोर्टात अर्ज करून काढायची, ओळखपत्र, शपथपत्र आणि तुमच्याकडचा पुरावा. अर्जात नुसतं "अन्याय झाला" लिहून भागत नाही हो, कोणत्या साक्षीदाराचा जबाबच घेतला नाही, कुठलं सीसीटीव्ही फुटेज मागवलं नाही, कोणते बँकेचे किंवा कॉलचे रेकॉर्ड काढले नाहीत, हे एकेक करून लिहा, सगळा जोर तिथेच असतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मग कोर्ट समरी मंजूर करू शकतं, ती फेटाळून स्वतः गुन्ह्याची दखल घेऊ शकतं, तुमचा अर्ज खाजगी तक्रार (म्हणजे तुम्ही थेट कोर्टात केलेली तक्रार) म्हणून चालवू शकतं किंवा पुढील तपासाचा आदेश देऊ शकतं. मात्र "चार्जशीटच दाखल करा" असा हुकूम पोलिसांना देता येत नाही.

केस बंद झाल्यावर नवीन धागा हाती लागला, समजा चोरीचा माल सापडला किंवा साक्षीदार पुढे आला, तर पोलीस कलम 193(9) खाली पुढील तपास करू शकतात, त्यासाठी तपास अधिकाऱ्याला नवीन पुराव्यासकट लेखी अर्ज द्या. खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी लागते आणि तपास 90 दिवसांत उरकायचा असतो, मुदत कोर्ट वाढवू शकतं. यात आधीचा तपास पुसला जात नाही, त्यात भर पडते. तो बाजूला सारून अगदी पहिल्यापासून नवा तपास हवा असेल तर हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टात जावं लागतं, मॅजिस्ट्रेटला तो अधिकार नाही.

समरी मंजूर झालीच तर सेशन्स कोर्टात 90 दिवसांच्या आत रिव्हिजन (म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश तपासून बघा असा अर्ज) करता येते, त्यामुळे आदेशाची नक्कल त्याच आठवड्यात मागा.