मतदानाचे प्रमाण

मतदारयादीतील एकूण मतदारांपैकी प्रत्यक्ष मत देणाऱ्यांची टक्केवारी. भारतात ती यादीवरून काढतात. तौलनिक अभ्यासक पुष्कळदा मतदानयोग्य वयाची लोकसंख्या आधाराला घेतात. हा फरक किरकोळ नाही. मृतांची, गाव सोडून गेलेल्यांची आणि दुबार नावे यादीत राहिली की छेद फुगतो आणि टक्का घसरतो. शहरी मतदारांच्या ज्या अनास्थेची इतकी चर्चा होते, तिचा काही भाग या फुगवट्यातून आलेला असावा.

पहिल्या लोकसभा निवडणुकीत (१९५१-५२) हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते, असे सर्वसाधारणपणे मानतात. अचूक आकडा सांगणे अवघड, कारण काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते आणि तेथे एका मतदाराला दोन मते असत. मते मोजावीत की माणसे, आणि बिनविरोध जागांचे मतदार धरावेत की वगळावेत, यावर उत्तर बदलते. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. म्हणून १९६२ पासूनची तुलना अधिक भरवशाची. पहिल्या निवडणुकीच्या मतदारयादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी नोंद केली होती आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती ग्राह्य धरली नाही. १९६२ मध्येही स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी मागे होत्या; २०१९ मध्ये त्या किंचित पुढे गेल्या.

शिक्षण आणि उत्पन्न वाढले की मतदान वाढते, हे पाश्चात्त्य देशांतील निरीक्षण भारताला नीट लागू पडत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के मतदान झाले, तर गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांहून अधिक. चुरस, जातीय-स्थानिक संघटन, ऊन-पाऊस ही कारणे नेहमीचीच. स्थलांतराचा विचार मात्र कमी होतो. बीड-अहिल्यानगरकडचे ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. त्यानंतर मतदान आले तर नाव गावच्या यादीत आणि माणूस कारखान्याच्या फडात. टपाली मतदानाची सोय त्यांना नाही. गावाबाहेर राहूनही आपल्या मतदारसंघासाठी मत देता येईल अशा दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत पक्षांपुढे ठेवला, पण अनेक पक्षांनी हरकत घेतली.

मतदान कायद्याने सक्तीचे केल्याचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये ६० टक्क्यांच्या खाली असलेले प्रमाण सक्तीनंतर, १९२५ मध्ये, ९१ टक्क्यांवर गेले. गुजरातने स्थानिक संस्थांपुरता असा कायदा केला. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला स्थगिती दिली.